ब्रेक झटपट लावा

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, तुला ड्राइव्ह बेल्ट म्हणजे काय ते माहीत आहे का?" तुमचे बाबा गवत कापायच्या गाडीचा पट्टा बदलत होते आणि तुम्ही दोघं त्यांच्या भोवती उभे होतात. मी नुसतं "हो" म्हणाले. तुम्हाला ते खरं वाटलं नसावं, कारण मागून हसण्याचा आवाज आला. त्या "हो"च्या मागे बरंच काही आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर किती दिवस लिहिता येणार नाही ते डॉक्टरांनाच ठाऊक, म्हणून आजच बसले आहे. तुमची आई हे वाचून इंग्रजीत सांगेल. तिला एवढंच सांगा, की एखादा शब्द अडला तर थांबावं आणि मला फोन करून विचारावं. अंदाजाने अर्थ सांगू नये. असं का, ते पुढे कळेल.

लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. त्यातली पहिली दोन मी तुमच्या आजोबांबरोबर पुण्यात काढली. मग ते लष्कराच्या भांडारात कारकून म्हणून समुद्रापार गेले आणि मला सासऱ्यांकडे पोचवण्यात आलं. सासरे चौक आणि कर्जतच्या मधे, मुंबईच्या एका व्यापारी कंपनीच्या हवापालटाच्या जागेची देखरेख करत. दोन बंगले, आंब्याची झाडं आणि मधोमध क्रिकेटचं मोठं मैदान, असं ते आवार होतं. थंडीत शनिवार-रविवारी साहेब लोक मोटारींनी येत, खेळत, जेवत आणि जात. आम्ही मागच्या बाजूच्या चार खोल्यांत राहत होतो. आवाराला तारेचं कुंपण, कुंपणाला दगडी खांब आणि एक फाटक. मी त्या फाटकातून वर्षातून दोनदा बाहेर पडत असे, एकदा देवीला आणि एकदा माहेरी. दुपारी वारा बरा असला तर कर्जतकडून गाडीची शिटी ऐकू यायची. घाट चढायला गाडीच्या मागे जादा इंजिन जोडत, म्हणून ती तिथे बराच वेळ थांबे. मी मनातल्या मनात तेवढ्या वेळात सामान बांधून, चालत जाऊन गाडीत बसून येत असे.

मी मॅट्रिक होते. आमच्या आवारात इंग्रजी येणारी मी एकटी. सासऱ्यांना मोडी आणि हिशेब उत्तम येई, पण इंग्रजी सहीपुरतंच. त्यामुळे कंपनीला जाणारी पत्रं ते मराठीत सांगत आणि मी इंग्रजीत लिहीत असे. कंपनीने मोटारवर चालणारा रोलर पाठवला, त्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली आणि तीही माझ्याकडेच आली. त्याआधी मैदानावर दगडी रूळ बैल ओढत. बैलांना पुस्तिका लागत नव्हती.

रोलर चालवणारा गडी कळंबकडच्या शेतकरी कुटुंबातला, चाळिशीचा. आधी तोच बैल हाकत असे. रोलर आल्यावर सगळे त्याला ड्रायव्हर म्हणू लागले आणि त्याला ते फार आवडे. त्याने खाकी टोपी मिळवली. बैल हाकायची सवय मात्र सुटली नव्हती. इंजिन चढावर अडलं की तो जीभ टाळूला लावून टकटक करायचा आणि म्हणायचा, "चल रं माज्या राजा."

दर रविवारी पाहुणे गेले की संध्याकाळच्या आत रोलरची देखभाल करायची, असा पुस्तिकेचा नियम होता. इंजिनापासून मागच्या कप्पीपर्यंत चामड्याचा रुंद पट्टा होता. तो अंगठ्याने दाबून पाहायचा. फार दबला तर सैल, अजिबात दबला नाही तर जास्त ताणलेला. पट्ट्यावर तेल उडालं असेल तर पुसायचं, चकाकी आली असेल तर खरवडायची, कारण चकाकलेला पट्टा घसरतो. मग चामडं मऊ राहावं म्हणून त्याला जनावराची चरबी लावायची. हे वाक्य मी वाचलं तेव्हा सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, काय वाचतेस ते? आपल्या घरात?" शेवटी चरबीऐवजी एरंडेल वापरायचं ठरलं. एरंडेलाने पट्टा छान राहिला.

ब्रेकही पट्ट्याचाच होता. पण तो एका पिंपासारख्या गोल चाकाभोवती आवळला जाई. त्याला उभा लोखंडी दांडा होता. दांडा मागे ओढला की एक लोखंडी जीभ दातेरी पट्टीत अडकून दांडा तिथेच राही. या जिभेला ड्रायव्हर "कुत्रा" म्हणे. सगळे फिटर तसंच म्हणतात. "वैनीबाय, कुत्रा दात धरतो म्हनून गाडी उभी," असं त्याने मला सांगितलं होतं.

सांगितलं होतं, दाखवलं नव्हतं. कारण मी शेडमध्ये जायचं नाही, असा सासऱ्यांचा नियम होता. शेड आमच्या माजघराच्या मागच्या खिडकीपासून दहा पावलांवर. मी खिडकीच्या गजांआड उभी राहून पुस्तिका वाचायची, एकेक वाक्य मराठीत सांगायची आणि तो बाहेर काम करायचा. तो रोलरच्या पलीकडच्या अंगाला असे. मला दिसायची खाकी टोपी आणि रोलरचा हिरवा पत्रा. एकदा मी सासऱ्यांना म्हणाले, "मामंजी, मी एकदा जवळून पाहू का? म्हणजे नीट सांगता येईल."

"वाचायला डोळे लागतात, पाय नव्हे," ते म्हणाले.

अकराव्या पानावर पट्टा उतरवण्याबद्दलची सूचना होती. पट्टा उतरवण्यापूर्वी ब्रेक 'फास्ट' करा, असं तिच्यात म्हटलं होतं. फास्ट म्हणजे जलद, हे आम्ही शाळेत तिसऱ्या-चौथ्या धड्यातच शिकलो होतो. घोडा फास्ट पळतो, आगगाडी फास्ट जाते. मी गजांआडून सांगितलं, "ब्रेक झटपट लावा, मग पट्टा उतरवा." आणि ते पेन्सिलीने वाक्याच्या वर लिहून ठेवलं. ड्रायव्हरने तसंच करायला सुरुवात केली. दांडा एकदा झटक्याने ओढून हात काढायचा, की पुढच्या कामाला लागायचं. शेडची जमीन सपाट होती. दोन थंड्या काहीच झालं नाही.

त्या वर्षी मी तुमच्या आजोबांच्या संमतीने पुण्याच्या एका ट्रेनिंग कॉलेजला अर्ज केला होता. मला शिक्षिका व्हायचं होतं. प्रवेश मिळाल्याचं पत्र एप्रिलमध्ये खालापूरच्या पोस्टातून आलं. जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हा, नाही तर जागा दुसरीला दिली जाईल. ते पत्र मी ट्रंकेत हिरव्या लुगड्याच्या घडीत ठेवलं आणि रोज दुपारी सगळे झोपले की काढून वाचत असे. मामंजी नाही म्हणाले नाहीत, पण हो म्हणायलाही त्यांनी चार दिवस घेतले. मग म्हणाले, "पावसाळ्यासाठी मशीन बंद करून ठेवलं की जा. चार महिने वाचायला काय काम आहे तुला इथे? पुढचं पुढे पाहू."

म्हणजे माझी सुटका एका कामावर येऊन ठेपली होती. मे महिन्याच्या अखेरीस पट्टा काढून, एरंडेल लावून, कोरड्या जागी टांगून ठेवायचा. ब्रेक सैल करायचा. इंजिनातलं पेट्रोल काढायचं. मी ती पानं आधीच चार वेळा वाचून ठेवली होती.

त्या दिवशी सकाळी ड्रायव्हर रोलर मैदानावरून शेडकडे आणत होता. शेडच्या आधी थोडा चढ आहे. अर्ध्या चढावर पट्टा घसरू लागला. इंजिन घरघरत होतं आणि रोलर जागचा हलत नव्हता. मी खिडकीत होते. त्याने इंजिन बंद केलं, ब्रेकचा दांडा झटकन ओढला आणि खाली उतरला.

"पट्टा चकाकलाय, वैनीबाय!" तो ओरडला. "उतरवून खरवडतो. तुमी पुस्तक ठेवा, मला पाठ हाय आता."

पट्टा चढलेला होता तोवर बंद इंजिनही रोलरला धरून होतं. त्याने पट्टा कप्पीवरून सरकवला आणि रोलरचं सगळं वजन एकट्या ब्रेकवर आलं. कुत्र्याने एकाच दाताची कड धरली होती. ती सुटली. मला "टक्" असा एकच आवाज ऐकू आला. मग रोलर मागे जाऊ लागला, आधी अगदी सावकाश. ड्रायव्हरचा हात पट्टा आणि कप्पीच्या मधे होता. त्याने तो खेचून काढला आणि बाजूला उडी मारली. रोलर मैदान ओलांडून गेला, कुंपणाची तार तोडली, एक खांब वाकवला आणि पलीकडच्या नाल्यात जाऊन उताणा पडला.

ड्रायव्हरच्या अंगठ्याचं नख गेलं होतं. मामंजींनी स्वतः हळद दाबली, फडकं बांधलं आणि मग त्याला ओसरीवर उभं करून विचारलं, "ब्रेक लावला होतास का?"

"लावला ना."

"मग सुटला कसा?"

"पुस्तकात लिवलाय तसाच लावला, भाऊसाहेब. झटपट. इचारा वैनीबायला."

मी आतून म्हणाले, "हो. तसंच लिहिलं आहे."

मामंजी मनाने वाईट नव्हते, हे तुम्ही लक्षात ठेवा. पण आमचं घर कंपनीचं होतं, आणि दोष देखरेखीवर आला असता तर आम्हाला ते सोडावं लागलं असतं. त्यांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र लिहायचं, ड्रायव्हरच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला आणि त्याला कामावरून काढलं आहे असं कळवायचं. मला म्हणाले, "हे एक पत्र लिही आणि सामान बांध."

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं.

त्या दुपारी मी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होते. त्यात नवं चोळीचं कापड होतं. शिवण्याआधी धुवून घेतलेलं, लाल. त्याच्या काठावर गिरणीचा शिक्का होता. दर वेळी असतो तसा, इंग्रजीत: फास्ट कलर. लहानपणापासून असे शिक्के मी वाचत आले होते. दुकानदारही म्हणायचा, "ताई, फास्ट कलर आहे, जाणार नाही." पक्का रंग. धुतला तरी न सुटणारा.

मी ते कापड हातात धरून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, रंग गेला का?"

"नाही," मी म्हणाले. "पक्का आहे."

ब्रेक पक्का करा. घट्ट करा. दांडा सावकाश, पूर्ण मागे ओढा, कुत्रा शेवटचा दात धरेपर्यंत. पुस्तिकेला एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द मला माहीत होता, रोज माझ्या अंगावर होता. पण यंत्राच्या पुस्तिकेत तो आला तेव्हा मला फक्त शाळेतला घोडा आठवला. आणि ब्रेक मी कधी पाहिलेलाच नव्हता.

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प राहिले तर पुणं, आणि ड्रायव्हरची नोकरी जाणार. दोन वर्षं तो माझा शब्द पाळत आला होता आणि तो पाळल्यामुळेच त्याच्या अंगठ्याचं नख गेलं होतं. बोलले तर मामंजी म्हणणार, हे तुझं इंग्रजी, आणि हिला म्हणे शिकवायला जायचंय! त्या संध्याकाळी मी ट्रंक उघडली, कॉलेजचं पत्र वाचलं, ट्रंक बंद केली. असं तीनदा केलं.

सकाळी मामंजी आरामखुर्चीत बसले आणि मी खाली पाटावर कागद घेऊन बसले. ते मराठीत सांगू लागले. पहिला मसुदा मी ते सांगत होते तसाच लिहिला. हलगर्जीपणा या शब्दाला इंग्रजीत चांगला शब्द आहे, तो मी नीट अक्षरात लिहिला. मग ते म्हणाले, "आता स्वच्छ प्रत कर." ते चहा घ्यायला आत गेले. स्वच्छ प्रत करताना मी दुसरंच लिहिलं.

एक अडचण होती. पत्र त्यांच्या सहीचं, तेव्हा त्यात "मी" लिहिलं असतं तर तो दोष त्यांच्यावर गेला असता. म्हणून मला माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून लिहावं लागलं. चालवणाऱ्याने सूचना तंतोतंत पाळली. सूचना माझ्या सुनेने वाचून सांगितली. तिने एका शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला. ब्रेक तिने पाहिलेला नव्हता. चालवणाऱ्याचा दोष नाही. मामंजींनी चष्मा लावला, ओळी मोजल्यासारखं केलं आणि सही केली. "अक्षर छान आहे तुझं," ते म्हणाले. ते शब्द मला फटक्यासारखे लागले.

उत्तर आलं तेव्हा जूनच्या पहिल्या सोमवाराला सहा दिवस उरले होते. पोस्टमन गेला आणि मामंजी म्हणाले, "वाच." ड्रायव्हर पायरीखाली उभा होता. निरोप घ्यायलाच आला होता तो.

मी वाचलं. जसं लिहिलं होतं तसं, शब्दाला शब्द. प्रामाणिक अहवालाबद्दल साहेबांनी मामंजींचे आभार मानले होते. चालवणाऱ्याला ठेवावं. रोलर काढून दुरुस्त करावा. मात्र यापुढे ब्रेक आणि पट्ट्याची दर आठवड्याची देखभाल आपल्या सूनबाईंच्या देखत, शेडमध्ये व्हावी, आणि प्रत्येक वेळी त्यांनी देखभालीच्या कार्डावर सही करावी. हे शक्य नसेल तर इंग्रजी वाचता येणारा माणूस मुंबईहून पाठवू, मग सध्याच्या माणसाची गरज राहणार नाही.

मामंजींनी पत्र माझ्या हातातून घेतलं. ते त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिले.

"मी कशावर सही केली?"

"जे झालं त्यावर, मामंजी."

"मला न सांगता?"

"हो."

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. मग मामंजींनी पत्राची घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवली. "तर मग वाच आता. इथेच राहा आणि वाच. तुझ्या शब्दावर माणूस ठेवलाय त्यांनी."

ड्रायव्हरला इंग्रजी कळलं नव्हतं, पण हे कळलं. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वैनीबाय, तुमी पुन्याला जानार व्हता ना?"

"नाही," मी म्हणाले. "नाही जाणार."

"म्हंजे माजी नोकरी तुमच्या पदराला बांदली म्हनायची," तो म्हणाला आणि हसला. मग आपण हसलो हे चुकलंच असं वाटून त्याने टोपी काढली.

मला त्याचा राग आला होता. तो राग खोटा होता असं मी आज म्हणणार नाही. कॉलेजला मी लिहिलं की पुढच्या वर्षी येईन. पुढच्या जूनमध्ये तुमचे आजोबा परत आले. त्याच्या पुढच्या जूनमध्ये तुमची आई पोटात होती. मी ट्रेनिंग कॉलेजला कधीच गेले नाही.

रोलर बैलांनीच नाल्यातून ओढून काढला. दर रविवारी मी शेडमध्ये जाऊ लागले. माजघरातून दहा पावलं पुढे, एवढाच काय तो माझा प्रवास. घरी आल्यावर चामड्याला शिवलेल्या हाताने माठाला शिवायचं नाही, आधी अंघोळ, हा सासूबाईंचा नियम. पहिल्याच रविवारी मी ब्रेकचा दांडा स्वतः ओढून पाहिला. तो जड होता. शेवटच्या दातापर्यंत न्यायला दोन्ही हात लागले. ड्रायव्हर म्हणाला, "ह्यो असा लावायचा व्हय? ह्याला झटपट म्हनतच नाय कोनी!"

"म्हणूनच सांगतेय," मी म्हणाले.

मी पुस्तिकेतल्या सगळ्या सूचना मराठीत लिहून काढल्या आणि त्याला अक्षरओळख करून दिली. पुढच्या थंडीत तो स्वतः वाचून करू लागला, बोट ओळीखाली ठेवून, मोठ्याने. पट्टा दाबायचा, पुसायचा, ब्रेकचं अस्तर रॉकेलने धुऊन वाळवायचं, नट अर्धा फेरा आवळायचा. मी नुसती उभी असायची. त्याला माझी गरज उरली नव्हती, पण कार्डावर माझीच सही हवी होती. गाडीची शिटी शेडमधूनही ऐकू येई. खिडकीपेक्षा थोडी स्पष्ट.

ती जागा कंपनीने पुढे विकली. तिथे आता शनिवार-रविवारचं रिसॉर्ट आहे. पाच वर्षांपूर्वी आम्ही मोटारीने तिथून गेलो. फाटकाला कुलूप होतं, पण रस्त्यावरून नाल्याकडची बाजू दिसते. वाकलेला खांब तसाच वाकलेला आहे. त्याला नवी तार बांधली आहे. रोलर दिसला नाही.

पुस्तिका माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. अकराव्या पानावर "झटपट" खोडून "घट्ट" लिहिलेलं आहे. पेन्सिल अजून वाचता येते.